ओला कचरा कुणाच्या हातात? पुण्यातल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे घर पुण्यात कोथरूड भागात आहे. तिसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट, स्वयंपाकघराला लागून जेमतेम चार फूट रुंदीची ड्राय बाल्कनी आणि घरात पाच माणसं. आजी, त्यांचा मुलगा, सून, आठवीतली नात आणि चौथीतला नातू. मुलगा-सून दोघंही नोकरी करतात. धुणंभांडी आणि केर-फरशीला सकाळी एक मावशी येतात. त्या या घरात नऊ वर्षं काम करत होत्या.

मी आमच्या भागात घरच्या घरी खत करू पाहणाऱ्यांना जमेल तशी मदत करते. या घरात मी पहिल्यांदा गेले ती ऑगस्ट २०२२ मध्ये, वास सुटल्यावर. त्यानंतर अडीच वर्षं मी तिथे जात-येत राहिले. घरच्यांच्या संमतीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सुरुवात नातीच्या शाळेमुळे झाली. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरून फेकायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. त्या निमित्ताने शाळेने मुलांना आठवडाभर घरातला कचरा मोजायला सांगितला. नातीने स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज दोन्ही डबे मोजले. सात दिवसांत ओला कचरा ७ किलो ३०० ग्रॅम निघाला आणि सुका २ किलोच्या आसपास. घरात सगळ्यांना वाटत होतं की आपला प्रश्न प्लास्टिकचा आहे. वहीतले आकडे सांगत होते की डब्यात तीन चतुर्थांशाहून जास्त वजन साली, देठं, चहाचा चोथा आणि उरलेल्या भाताचं होतं.

खरी अडचण काय होती

ओला आणि सुका कचरा वेगळा देणं २०१६ च्या घनकचरा नियमांनी बंधनकारक केलं होतं, आणि हे घर तो वेगळा देतही होतं. निदान घरच्यांची तशी समजूत होती. सोसायटीत 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या एक ताई कचरा न्यायला येतात. नातीने शाळेच्या वहीसाठी त्यांना प्रश्न विचारले, तेव्हा ताईंनी सुक्या डब्यातला एक कागद उचलून दाखवला. आमटीने भिजलेला. भिजलेल्या रद्दीला भाव मिळत नाही, आणि दर घरामागे मिळणाऱ्या महिन्याच्या शुल्काबरोबर सुका कचरा विकून येणारे पैसे हाच त्यांच्या कमाईचा दुसरा आधार आहे. दुधाच्या पिशव्या धुतलेल्या नव्हत्या. शिवाय पिशवीचा कोपरा कापून वेगळा टाकला जायचा. तो नखाएवढा तुकडा कुणीच वेचत नाही, तो मातीत नाहीतर गटारात जातो.

दुसरी गोष्ट मावशींकडून कळली. त्यांचं माहेर फुरसुंगीचं. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोवर गेला, त्याविरुद्ध तिथल्या गावकऱ्यांनी अनेकदा आंदोलनं केली, गाड्या अडवल्या. हे घरात सगळ्यांनी पेपरात वाचलेलं होतं. मावशी म्हणाल्या, "पाहुणं आलं की आमी आदी दारं-खिडक्या लावायचो, मग पाणी द्यायचो." नऊ वर्षांत हा विषय घरात कधी निघाला नव्हता. सुनेने मला सांगितलं की त्या दिवशी तिने ठरवलं, आपला ओला कचरा या उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचा नाही.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय अगदी साधा होता: कचरा नीट वेगळा करून देत राहायचं आणि बाकी महापालिकेवर सोडायचं. मला विचाराल तर याला कमी लेखू नये. स्वच्छ, वेगळा केलेला कचरा हीच निम्मी लढाई आहे. पण सुनेला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं.

दुसरा पर्याय सोसायटीच्या आवारात सामाईक गांडूळखताचा. असे प्रकल्प चालवणाऱ्या मिळकतींना पुणे महापालिका करात सवलत देते, तेव्हा पैशांच्या बाजूनेही तो बरा होता. वार्षिक सभेत विषय आला आणि "देखभाल कोण करणार" या एका प्रश्नावर संपला.

तिसरा पर्याय छोट्या बायोगॅस संचाचा. पुण्यातल्याच 'आरती' संस्थेने खरकट्यावर चालणारा घरगुती संच बनवला आहे आणि त्याला २००६ मध्ये शाश्वत ऊर्जेसाठीचा ब्रिटनमधला अ‍ॅशडेन पुरस्कारही मिळाला होता. तो संच सालींपेक्षा भात, पोळी, पीठ अशा पिष्टमय खरकट्यावर चांगला चालतो, आणि त्याला उन्हातली मोकळी जागा लागते. चार फुटांच्या बाल्कनीत तो बसणारच नव्हता.

चौथा पर्याय बाल्कनीत खत करण्याचा, तोच निवडला गेला. एकावर एक अशा तीन मातीच्या कुंड्यांचा संच आला, सोबत कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, एक वीट आणि जिवाणूंच्या पावडरची पिशवी.

पर्याय निवडताना घरात तीन माणसांना विचारलं गेलं: मुलगा, सून आणि नात. आजींना विचारलं नाही आणि मावशींना सांगितलं गेलं. पुढे जे झालं त्याचं मूळ मला इथे दिसतं, म्हणून ही गोष्ट ठळक करून लिहिते.

पहिला प्रयत्न: जुलै-ऑगस्ट २०२२

सुरुवात भर पावसाळ्यात झाली. भाजीच्या कच्च्या कचऱ्यात ८०-९० टक्के पाणीच असतं. उन्हाळ्यात त्यातलं बरंच उडून जातं, पावसाळ्यातल्या दमट हवेत ते कुंडीतच राहतं. पहिले दहा दिवस वास नव्हता. मग कोकोपीट संपलं. नवीन मागवेपर्यंत चार दिवस नुसत्या साली पडत राहिल्या. त्यातच एका रविवारी पाहुण्यांच्या जेवणातला उरलेला भात, आमटी आणि दह्यातली कोशिंबीर असं सगळं कुंडीत गेलं.

खत होतं म्हणजे काय होतं, ते इथे थोडं सांगायला हवं. कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र (नायट्रोजन) लागतं, कर्ब (कार्बन) लागतो आणि हवा लागते. साधारण ३० भाग कर्बाला १ भाग नत्र हे प्रमाण त्यांना मानवतं. हिरव्या भाजीपाल्यात नत्र जास्त, वाळलेल्या पानांत कर्ब जास्त. सुकं साहित्य कमी पडलं की ओलं एकमेकांवर बसून गच्च होतं, आत हवा जात नाही, आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू ताबा घेतात. सडका वास त्यांचा. या घरातल्या कुंडीत नेमकं तेच झालं होतं.

मग चिलटं आली. त्यामागोमाग करड्या रंगाच्या, बोटाच्या पेराएवढ्या अळ्या. त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात. त्या माणसाला त्रास देत नाहीत, उलट कचरा झपाट्याने फस्त करतात. पण कुंडीचं झाकण उघडल्यावर शंभर अळ्या वळवळताना दिसल्या की हे ज्ञान उपयोगी पडत नाही. मावशींनी झाकण उघडलं आणि त्या दोन पावलं मागे सरल्या.

शेवटचा धक्का कुंडीतून झिरपलेल्या पाण्याचा. खालच्या कुंडीची ताटली भरून वाहिली, ओघळ बाल्कनीच्या कडेवरून खाली गेला आणि दुसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या शाळेच्या पांढऱ्या शर्टावर तपकिरी डाग पडले. शेजारच्या काकू शर्ट हातात घेऊन वर आल्या. त्या रागावल्या नाहीत, आणि सुनेला त्याचंच जास्त लागलं.

निर्णयाचा क्षण

मी गेले तेव्हा स्वयंपाकघरात सगळे जमले होते. सुनेच्या मनात कुंड्या परत करायच्या होत्या. मुलगा म्हणत होता की पावसाळा संपेपर्यंत थांबू. मी कुंडीचं बघितलं आणि मग एक प्रश्न विचारला: रोज यात कचरा कोण टाकतं, आणि ढवळतं कोण?

कुणी लगेच उत्तर दिलं नाही. मग मावशी म्हणाल्या, "मीच की." त्यांचं धुणंभांडी आणि केर-फरशीचं काम ठरलेलं होतं. कुंडी आल्यापासून सिंकमधली जाळी कुंडीत रिकामी करणं, कोकोपीट घालणं, एक दिवसाआड ढवळणं हे सगळं त्यांच्याकडे आपोआप गेलं होतं. पगार तोच होता. त्यांना पुढे आणखी दोन घरं असायची, त्यामुळे घाई असली की त्या ढवळायचं सोडून देत, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. पर्यावरणासाठी या घराने उचललेलं पाऊल प्रत्यक्षात एका बाईच्या पाठीवर पडलं होतं, आणि बाई कोण, तर फुरसुंगीच्या डेपोशेजारी वाढलेली. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने हे मुद्दाम केलं नव्हतं. बहुतेक घरांत ते असंच होतं, कारण घरातलं न वाटलेलं काम कुणाकडे जायचं हे आधीच ठरलेलं असतं.

त्याच बैठकीत आजी पहिल्यांदा बोलल्या. त्यांचं लहानपण वाईजवळच्या एका गावातलं. "अगं, उकिरड्यावर नुसतं ओलं कुणी टाकतं का? गोठ्यातलं शेण, गुरांनी सोडलेलं चघळ, चुलीची राख, झाडलोटीचा पाला, असं थरावर थर पडायचं. मग उन्हाळ्यात ते शेतात." कर्ब-नत्राचं जे प्रमाण मी कागदावर लिहून आणलं होतं, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. आणि तो उकिरडा घरापासून लांब का असायचा, हेही त्यांना माहीत होतं. कुंडी घरात आली तेव्हा त्या नाखूश होत्या, ते याचसाठी.

दोन वाटा होत्या: मावशींना या कामाचे वेगळे पैसे द्यायचे, किंवा काम घरच्यांनी करायचं. मला पहिली वाटही चुकीची वाटत नाही, कामाला दाम मिळाला तर ते न्याय्यच आहे. मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "पैसं नकोत वहिनी, येळच नाय." मग काम घराकडे आलं. रोजचा कचरा टाकणं आणि त्यावर पाला पसरणं मुलाकडे, दर रविवारी ढवळणं नातीकडे, आणि ओल्या-सुक्याचं प्रमाण बघणं आजींकडे. मावशींनी सिंकची जाळी झटकून एका स्टीलच्या डब्यात ठेवायची, त्यापुढचं काही त्यांच्याकडे नाही.

काय केलं

कुंड्या बाजूला ठेवल्या. पाच माणसांच्या घरात रोज किलोभर ओला कचरा होतो, त्यासाठी त्या लहानच पडत होत्या. त्याऐवजी ६० लिटरचे दोन जुने ड्रम आणले आणि त्यांना तापलेल्या सळईने चहूबाजूंनी भोकं पाडली. एक ड्रम भरत असताना दुसरा मुरतो. ड्रमखाली पसरट परात आहे, झिरपलेलं पाणी तिच्यात येतं आणि दसपट पाणी घालून झाडांना जातं. खालच्या मजल्यावर पुन्हा थेंब गेला नाही.

शिजवलेलं अन्न ड्रममध्ये टाकणं बंद केलं. यातून एक अनपेक्षित फायदा झाला: खरकटं वेगळं दिसू लागल्यावर किती भात वाया जातो ते कळलं, आणि आजींनी तांदळाचं माप अर्ध्या वाटीने कमी केलं.

सुक्या साहित्याचा प्रश्न मात्र पैशाने सोडवायचा नाही असं ठरलं. कोकोपीट विकत आणत राहिलो तर एक दिवस ते संपणार, आणि संपलं की पुन्हा सगळं बिघडणार. सोसायटीत दोन देशी बदाम, एक शिरीष आणि एक कडुनिंब आहे. जानेवारी ते मार्च पानगळ चालते, आणि झाडलेला पाला कोपऱ्यात जाळला जायचा. २०२३ च्या पानगळीत मुलगा सफाई करणाऱ्या दादांशी बोलला आणि पाला गोणीत भरून ठेवायची विनंती केली. शिरीषाची बारीक पानं तशीच वापरता येतात. बदामाची पानं जाड, लवकर कुजत नाहीत, म्हणून ती गोणीतच पायाने तुडवून चुरायची. नातवाने हे काम उत्साहाने केलं. वर्षाच्या कचऱ्याला चुरलेल्या पाल्याच्या नऊ गोण्या लागल्या. त्या पार्किंगमधल्या जिन्याखाली ठेवायला सेक्रेटरींनी परवानगी दिली, आणि कोपऱ्यातला धूर थांबला.

विरजण म्हणून पावडर न आणता आंबट ताकात थोडा गूळ कालवून महिन्यातून एकदा शिंपडतात. नियम एवढाच ठेवला: ओल्याच्या दीडपट मापाचा पाला, आणि मूठभर मिश्रण दाबलं तर हाताला ओल लागली पाहिजे, पाणी गळता कामा नये.

बाकीचे छोटे प्रयत्न

खताच्या जोडीने घराने इतरही बऱ्याच गोष्टी करून पाहिल्या. काही टिकल्या, काही नाही.

कापडी पिशव्यांचं सांगते. एका वर्षात घरात २३ कापडी पिशव्या जमल्या. लग्नांत मिळालेल्या, दुकानांत मिळालेल्या. आता स्कूटरच्या डिकीत दोन आणि दाराच्या खिळ्याला दोन असतात, बाकीच्या भाजीवालीला दिल्या. सुरुवातीच्या उत्साहात सुनेने चांगले प्लास्टिकचे डबे काढून टाकून काचेच्या बरण्या आणल्या, ती चूक तिने स्वतःच मला सांगितली. जो डबा आधीच घरात आहे तो फुटेपर्यंत वापरणंच बरं.

सगळ्यात मोठी बचत पाण्यात झाली, आणि ती सगळ्यात कमी कष्टांत. घरात पिण्याच्या पाण्यातले क्षार काढणारं आरओचं यंत्र होतं. त्याच्या नळीखाली एक दिवस बादली ठेवली. १५ लिटर पिण्याच्या पाण्यामागे ४० लिटरच्या आसपास पाणी वाया जात होतं. पाण्यातले क्षार मोजायचं छोटं मीटर मी घेऊन गेले. महापालिकेच्या नळाचं पाणी लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या खूप खाली होतं. पुण्याला पाणी खडकवासला धरणसाखळीतून येतं आणि ते मुळात गोडं आहे. लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असतील तिथे आरओ वापरू देऊ नये, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच सरकारला सांगितलं होतं. या घराने आरओ काढून अतिनील किरणांचा साधा फिल्टर बसवला. रोज तीन बादल्या पाणी वाचतं आणि त्यासाठी घरात कुणालाही काही जास्तीचं करावं लागत नाही. बोअर किंवा टँकरचं पाणी असेल तर मात्र आधी तपासून घ्यावं.

फळ काय मिळालं

२०२३ च्या मार्चपासून आजवर ड्रमला वास आलेला नाही. अळ्या पावसाळ्यात दिसतात, पण पाला वाढवला की कमी होतात. दर ४५-५० दिवसांनी एक ड्रम भरतो, तेवढेच दिवस मुरतो आणि त्यातून दहा किलोच्या आसपास काळंभोर, पहिल्या पावसाचा वास असलेलं खत निघतं. पहिली पिशवी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना गेली. त्यांच्याकडे आता त्याच खतावरचा गवती चहा आहे.

घंटागाडीपर्यंत जाणारा ओला कचरा आठवड्याला ७ किलोवरून एक-दीड किलोवर आला, तोही मुख्यतः खरकटं आणि हाडं. सुका कचरा आता कोरडा जातो. दुधाच्या पिशव्या कोपरा न तोडता कापल्या जातात, धुवून वाळवून ताईंना मिळतात.

सोसायटीतल्या २४ घरांपैकी आणखी तीन घरांनी ड्रम घेतले. मला जास्त होतील असं वाटलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवात जानेवारीत करायला हवी होती. पाला पडत असतो, हवा कोरडी असते, आणि पावसाळ्यापर्यंत हात बसतो. मी आता कुणालाही जून ते सप्टेंबरमध्ये सुरू करू देत नाही.

पहिल्या दिवशी कामांची यादी करून प्रत्येकापुढे नाव लिहायला हवं होतं. खरेदीच्या यादीवर या घराने दोन संध्याकाळी घालवल्या, कामाच्या यादीवर दहा मिनिटंही नाही. आणि पाण्याचं आधी बघायला हवं होतं. मोठी आणि बिनकष्टाची बचत आधी झाली असती, तर कुंडी बिघडली तेव्हा घर इतकं खचलं नसतं.

माझीही एक चूक सांगते. मी पहिल्या भेटीत आजींशी बोललेच नाही. प्रमाण, भोकं, विरजण हे सगळं मुलाला आणि सुनेला समजावत बसले, तेव्हा त्या शेजारच्या खुर्चीवर लसूण सोलत होत्या. त्या आपण होऊन बोलल्या नसत्या तर मी कोकोपीटच्या आणखी चार विटा सुचवून निघून आले असते.

एक निर्णय मात्र घराने माझ्या सल्ल्याविना घेतला आणि तो मला पटला. नोव्हेंबर २०२४ मध्ये आजी पडल्या, मांडीचं हाड मोडलं आणि त्यांना डायपर लागू लागले. ना खतात जाणारं, ना भंगारात. घरातला कचरा पुन्हा वाढला. नातीने कापडी, धुण्याजोग्या लंगोटांबद्दल वाचलं होतं, तिने ते सुचवलं. सुनेने तिला जवळ बसवून विचारलं की ते रोज धुणार कोण? मावशी नाहीत, हे तर ठरलेलंच होतं. आई ऑफिसला जायच्या आधी धुणार का? आणि रात्री ओलं झालं तर आजींना थंडीत किती वेळ तसं ठेवायचं? डायपर राहिले. प्रत्येक डायपर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळला जातो, नातू त्यावर लाल स्केचपेनने मोठा ठिपका काढतो, म्हणजे आत काय आहे ते ताईंना उघडून बघावं लागत नाही. ती पुडकी सकाळी खाली नेऊन वेगळ्या डब्यात ठेवण्याचं काम मुलाकडे आहे.